कंपनीशी करार करताना आधी ऊसतोडीचा हंगाम मांडा

बीड जिल्ह्यात युवकांबरोबर काम करणाऱ्या संस्थांना मी पहिलं हेच सांगते: कंपनीकडे निधी मागायच्या प्रस्तावाआधी आपल्या पोरांचं वर्ष आणि कंपनीचं वर्ष एका कागदावर मांडा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयत्यावर, म्हणजे तोडणीला, गेलेली पोरं पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, गावात नसतात आणि कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. गाव रिकामं असतं, नेमके तेव्हाच ‘खर्च दाखवा’ म्हणून फोन सुरू होतात.

त्या फोनमागचं कारणही समजून घ्या. संस्थेच्या खात्यात पैसे जमा झाले म्हणजे सीएसआरचा (कंपनीनं कायद्याप्रमाणे सामाजिक कामावर करायचा) खर्च झाला, असं धरलं जात नाही. संस्थेनं ते वापरलेले असावे लागतात. म्हणून पहिल्याच बैठकीत विचारा, संचालक मंडळ हा प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजूर करील का? केला, तर न वापरलेली रक्कम कंपनी ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवून पुढची ३ आर्थिक वर्षं वापरू शकते. नाहीतर ती सप्टेंबरअखेर सरकारच्या ठरावीक निधीत जाते आणि आपल्या पोरांच्या हाती काही लागत नाही.

पहिला हप्ता मेअखेर मागा. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, बहुतेकदा पावसाळ्यातच घेतली जाते आणि एकदा उचल घेतली की जाणं ठरलंच. इलेक्ट्रिशियनचा कोर्स ऑक्टोबरमध्ये सुरू केला, तर ज्याच्यासाठी तो आखला तो पोरगा फडात असतो. हे मी कितीही पोटतिडकीनं सांगितलं तरी कंपनीच्या माणसाला खरं पटतं ते दोन हंगाम तोडणी केलेल्या मुलीच्या तोंडून. तिला बैठकीला न्या, तिच्या बुडालेल्या मजुरीची तरतूद करा आणि हप्त्यांच्या तारखा ठरेपर्यंत तिला तिथंच बसू द्या.

दोन-तीन संस्था मिळून काम करणार असाल, तर पैशाचा रस्ता आधी ठरवा. विदेशी निधी असेल, तर विदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला तो दुसरीकडे वळवता येत नाही, दुसरीकडे एफसीआरए नोंदणी असली तरीही. तिथं देणगीदारानं प्रत्येकीशी स्वतंत्र करार करायला हवा. सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. अहवालाचा नमुना मात्र सगळ्यांचा एकच ठेवा. गावातल्या कार्यकर्तीनं तीच हजेरी तीन तक्त्यांत भरत बसू नये.

तिचं मानधन आणि एसटीचं भाडं अंदाजपत्रकात स्पष्ट लिहा. ‘प्रशासकीय खर्च ५ टक्केच’ असं कुणी म्हणालं, तर शांतपणे सांगा की ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. पोरांच्या घरी जाऊन आईबापांशी बोलणं हेच आपलं काम आहे, ते किरकोळ खर्चात ढकलू देऊ नका.

वर्षातून एकदा, ऑगस्टच्या सुमारास, कंपनीच्या माणसांना गावात बोलवा. तेव्हा पोरं घरी असतात.