अॅनिमे-मांगामधली एलजीबीटीक्यू पात्रं: सुरुवात कुठून करायची?

आधी एक लक्षात घ्या, अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) असो की मांगा (जपानी कॉमिक्स), बीएल (पुरुषांमधल्या प्रेमाच्या कथा) किंवा युरी (बायकांमधल्या प्रेमाच्या कथा) म्हटलं की चांगलं रिप्रेझेंटेशन असेलच असं नाही. बीएलची मुळं १९७० च्या दशकातल्या मुलींच्या मांगात आहेत, बहुतेक बायकांनी बायकांसाठी काढलेलं, त्यामुळे त्यातले पुरुष कित्येकदा खऱ्या गे माणसांपेक्षा कल्पनेतलेच जास्त वाटतात. आवडत असेल तर जरूर वाचा, पण तेवढ्यावरून मत बनवू नका.

माझं ऐकाल तर पहिली उचला गेन्गोरोह तागामेची ‘माय ब्रदर्स हजबंड’. लेखक स्वतः गे आहे आणि ते पानापानावर जाणवतं. याइचीचा जुळा भाऊ वारलाय, त्याचा कॅनडाचा नवरा माइक दारात उभा राहतो, याइचीची लहान मुलगी काना त्याला लगेच आपला काका मानते आणि याइचीला मात्र स्वतःच्याच मनातली अढी दिसायला लागते, ती तो कशी सोडवतो ते सावकाश वाचा, घाई करू नका.

ट्रान्स पात्रांसाठी ‘वॉन्डरिंग सन’. २०११ चा अॅनिमे मिडल स्कूलपासून सुरू होतो, त्याआधीची गोष्ट त्यात सुटते, म्हणून मांगा आधी वाचा.

जुन्या मालिका शक्यतो जपानी आवाजात, सबटायटल लावून बघा. ‘सेलर मून’च्या जुन्या इंग्रजी डबमध्ये हारुका आणि मिचिरू या प्रेमात असलेल्या जोडीला चक्क चुलत बहिणी करून टाकलं होतं! मला अजून राग येतो.

आणि बघताना विचारा, हे पात्र फक्त हसवायला ठेवलंय की त्याला स्वतःचं काम, मित्र, भांडणं आहेत?