आईला एक, भावाला दुसरं: जुनी लष्करी पत्रं वाचताना

एम. ए. (इतिहास) झालं आणि हाताला काम नव्हतं. एका अभ्यासकाला जुनी इंग्रजी हस्ताक्षरं वाचून टाइप करून देणारं कुणीतरी हवं होतं, पानामागे पैसे. मोडीचा वर्ग केलेला असल्यामुळे वाटलं, इंग्रजी तर काय, सोपंच. पहिलं पान लागायला तीन दिवस गेले.

पत्रं १८६८ सालची, अ‍ॅबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेवर गेलेल्या एका तरुण लेफ्टनंटची. तिथल्या सम्राट थिओडोरने इंग्रज सरकारच्या दूताला आणि इतरांना डांबून ठेवलं होतं. त्यांना सोडवायला रॉबर्ट नेपियरच्या हाताखाली मुंबई इलाख्याची फौज गेली. एवढं तरी आधी वाचून घ्या. मी घेतलं नव्हतं. एका पत्रात ‘सेनाफे सोडताना जिवावर आलं’ अशा अर्थाचं वाक्य आलं आणि मला वाटलं, स्वारी कुणाच्या तरी प्रेमात पडली! दोन दिवस या बाईचा माग काढला. निघालं डोंगरावरचं थंड हवेचं ठाणं. खाली झुला या बंदराच्या किनाऱ्यावर भाजून निघालेल्या माणसाचा पाय तिथून निघेना, इतकंच. तेव्हापासून शेजारी नकाशा उघडा असतो.

टपालखर्च वाचवायला एकदा लिहून झालेलं पान फिरवून त्याच ओळींवर आडवं लिहायची तेव्हा पद्धत होती. स्क्रीनवर नुसती जाळी दिसते. प्रिंट काढा, पट्टी ठेवून एकाच दिशेच्या ओळी आधी संपवा. शब्द अडला तर जागा सोडा, अंदाजाने भरू नका. तोच शब्द तीन पानांनी स्वच्छ लिहिलेला सापडतो. लष्करी शब्दांसाठी माणूस गाठा. देवळाली कॅम्पातल्या, तोफखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी पहाडी तोफ सुटी करून खेचरांवर कशी लादतात ते चहाच्या कपबश्या मांडून दाखवलं, तेव्हा कुठे अर्धं पत्र उलगडलं.

पण सगळ्यात आधी मायना बघा. एकाच तारखेची दोन पत्रं माझ्यासमोर होती. आईला लिहिलेलं: हवा मानवली, जेवण ठीक, आणि तोफा वाहायला आणलेल्या हत्तींच्या गमती (या मोहिमेत ४४ हत्ती होते). भावाला लिहिलेलं: किनाऱ्यावर मेलेल्या खेचरांची दुर्गंधी, समुद्राचं पाणी उकळून वाफेपासून केलेलं गोडं पाणी तेही मोजून, आणि गावकरी रुपयाला हात लावत नाहीत, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा हिची छाप आणि १७८० साल असलेलं चांदीचं नाणंच मागतात. आईच्या पत्रात खोटं काही नाही. पण एकच पत्र हाती लागलं असतं तर मी मोहिमेचं भलतंच चित्र रंगवून बसले असते. म्हणून पत्र वेगळं आणि मोहिमेचा सरकारी अहवाल वेगळा. आकडे अहवालातून घ्या.

पैसे फार मिळत नाहीत, डोळे मात्र भरपूर दुखतात. 

१३ एप्रिलला मगदला, म्हणजे थिओडोरचा डोंगरी किल्ला, पडला. त्यावर त्याने आईला दोनच ओळी लिहिल्यात. त्याखाली बुटांची तक्रार, आणि मग: मुंबईहून आणलेला नोकर तापाने गेला, आता चहा स्वतःच करावा लागतो. त्या नोकराचं नाव मी मागच्यापुढच्या सगळ्या पत्रांत शोधलं. कुठेच नाही. टाइप करताना तिथे ‘नोकर’ एवढंच लिहिलं.