कालव्यावर फिरायला जाताय? लॉक निवडा

इंग्लंडमध्ये कालव्याकाठी चालायचं तर नुसता सपाट पट्टा घेऊ नका, थोड्या वेळाने कंटाळा येतो. लॉकची, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदांची, रांग असलेला भाग निवडा. वॉरिकजवळच्या हॅटनला ग्रँड युनियन कालव्यावर दोन मैलांच्या आत 21 लॉक आहेत. नॅरोबोट, म्हणजे कालव्यातल्या लांब अरुंद बोटी, इतक्या हळू चढतात की चालणारा सहज पुढे जातो!

तिथे दार ढकलायला मदत करावीशी वाटेलच. आधी बोटवाल्यांना विचारा. लॉकच्या आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला येईपर्यंत दार हलत नाही, तेव्हा उगाच जोर लावू नका. पातळी जुळली की लांब दांड्याला पाठ टेकून पायांनी रेटा द्या. हातांनी ढकललंत तर दोन दारांतच दमाल. पाणी सोडणाऱ्या झडपा उघडायची किल्ली, म्हणजे फिरवायचा दांडा, मात्र बोटवाल्यांच्याच हाती राहू द्या. ती हातातून सुटून गरगरली तर मनगट मोडू शकतं.

बूट न घसरणारे हवेत. लॉकच्या कडेचा दगड बऱ्याचदा ओला असतो. आणि काठाला लागलेली बोट हे कुणाचं तरी घर असू शकतं, खिडकीतून डोकावू नका.