वडिलांच्या दाखल्यातला एक शब्द आणि माझे एक वर्ष

बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ 2012 पासून राज्यात सातत्याने आघाडीवर आहे, आणि त्याच वर्षी मीही संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून बारावी झाले. गुण चांगले होते, सामायिक प्रवेश परीक्षेतही नाव वर होते, आणि इतर मागासवर्गाच्या जागेवर एका शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात मला तात्पुरता प्रवेश मिळाला. पुढे जे घडले ते गुणांमुळे घडले नाही. आमच्याकडची मुले अभ्यासात कमी पडत नाहीत, कागदात कमी पडतात, आणि घरातून पहिल्यांदा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांना हे कोणी वेळेवर सांगत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे तो दाखला खरा असल्याचे पडताळणी समितीने तपासून दिलेले प्रमाणपत्र, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्हाला माहीत असेलच. मलाही माहीत होते. मला माहीत नव्हते ते एवढेच, की दाखला प्रांत कार्यालयातून महिनाभरात हाती पडतो, पण वैधता मिळवताना तुमच्या आजोबांच्या काळापर्यंत मागे जावे लागते. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा आणि अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा सर्वांत वजनदार मानला जातो. त्यातही वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाच्या शाळेतली नोंद असेल, तर काम पुष्कळ सोपे होते.

माझे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. ते गिरणीत कामाला लागले आणि वडिलांना काही वर्षे मुंबईच्या शाळेत घातले गेले. नाव घालायला गावचा एक शेजारी गेला होता. जातीच्या रकान्यात त्याने काय सांगितले आणि गुरुजींनी काय ऐकले, हे आता कळण्याचा मार्ग नाही, पण शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू मराठा’ असे लिहिले गेले. 1982 च्या संपानंतर आजोबांची नोकरी गेली, घर पुन्हा गावी आले, आणि तो दाखला पत्र्याच्या पेटीत तीस वर्षे पडून राहिला. मी कुणबी म्हणून अर्ज केला, वडिलांच्या दाखल्यावर वेगळी जात निघाली आणि आजोबांचा तर कागदच नव्हता. वैधता नंतर आणून देईन असे लिहून दिलेल्या हमीपत्रातली मुदत संपली, मला खुल्या प्रवर्गात धरले गेले, तिथल्या गुणवत्ता यादीत माझा क्रमांक बसला नाही आणि प्रवेश रद्द झाला.

त्या वर्षी मला सर्वांत जास्त कशाने छळले असेल तर या विचाराने, की ज्याचे आजोबा शिकले त्याच्याकडे शाळेची नोंद असते, आणि ज्याच्या आजोबांना शाळेचा उंबरठाच दिसला नाही त्याच्याकडे ती नसते. म्हणजे ज्याच्यासाठी ही सवलत आहे त्यालाच ती सिद्ध करणे सर्वांत जड जाते. पडताळणी नको असे मी म्हणत नाही. खोट्या दाखल्यावर कोणी जागा घेतली तर ती माझ्यासारख्या मुलीचीच जाते. पण पडताळणीचा भार कोणावर किती पडतो, हे समतेबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने पाहिले पाहिजे. महर्षी कर्वे मुरूडहून डोंगर ओलांडून परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही. तयारी पूर्ण असताना दारातून परत येणे काय असते, हे त्या वर्षी मला कळले.

आता शोध कसा घ्यायचा, ते नीट सांगते. आजोबांची शाळेतली नोंद नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, शोधायला अर्ज करा. जुन्या नोंदी मोडीत असू शकतात, आणि मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. आमच्याकडे जुन्या नोंदीत आडनाव बहुधा नसते, नुसते नाव आणि बापाचे नाव असते. त्यामुळे तीच व्यक्ती आपले आजोबा आहेत हे दाखवायला जुना फेरफार, सातबारा आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र एकमेकांशी जुळले पाहिजे. एका कागदावर ‘धोंडू’ आणि दुसऱ्यावर ‘धोंडिबा’ असेल तर शंका येणार हे धरून चाला, आणि खुलासा अर्जासोबतच द्या. गावच्या शाळेतून आजोबांच्या भावांचा आणि चुलतभावांचा प्रवेश-निर्गम उतारा मागा. शाळेतले जुने लेखनिक आणि तलाठी यांच्याशी नम्रपणे बोला. माझ्या अनुभवात, नातेवाईक असलेल्या साहेबांपेक्षा या माणसांनी जास्त मदत केली.

माझा कागद मात्र दोन शेते पलीकडे होता. वडिलांच्या चुलतभावाने राखीव जागेवर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवली होती, आणि तिच्यासाठी त्यांनी वैधता प्रमाणपत्र काढले होते. सामाईक जमिनीच्या वाटपावरून दोन घरांत बोलणे बंद होते, म्हणून आम्हाला पत्ताच नव्हता. पुढच्या गणपतीत आई आरतीला त्यांच्याकडे गेली आणि तिने सरळ विषय काढला. काकांनी एक शब्दही न बोलता कपाटातून पिशवी काढून दिली. त्यांचे प्रमाणपत्र, आमची वंशावळ आणि गावातला एक जुना उतारा एवढ्यावर माझे काम झाले. पुढच्या वर्षीच्या प्रवेशात मला पुन्हा अभियांत्रिकीला जागा मिळाली आणि चार वर्षांनी मी पदवी घेऊन बाहेर पडले.

दलालांबद्दल माझे मत कठोर आहे. तहसील कार्यालयाबाहेर ‘करून देतो’ म्हणणारा माणूस अर्ज भरून देण्यापलीकडे काही करत नाही, आणि काही जण तर जुन्या दाखल्यावर अक्षर बदलून देण्याची तयारी दाखवतात. त्यांच्या नादी मुळीच लागू नका. जात पडताळणीच्या कायद्यानुसार खोट्या दाखल्यावर मिळवलेला प्रवेश आणि पदवी रद्द होते, मिळालेले आर्थिक लाभ वसूल होतात आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. मोठ्या शहरांतले मार्गदर्शकही मला फारसे उपयोगी वाटले नाहीत. तुमच्या एक वर्ष पुढे असलेली, तुमच्याच तालुक्यातली मुलगी शोधा, कारण तिला यंदाची मुदत आणि यंदाचा अर्ज माहीत असतो.

पैशांबद्दल थोडक्यात सांगते. आठवीत असलेली धाकटी भावंडे असतील तर त्यांना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. निवड झाल्यास नववी ते बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. 2024 पासून वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या इतर मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरते, पण व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ते लागू नाही. महाडीबीटीचे, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरून मिळणारे, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, म्हणून खाते चालू आहे का ते अर्जाआधी बँकेत विचारा.

वैधतेचा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करा. हल्ली प्रत्येक जिल्ह्यात समिती आहे, आम्हाला लांब जावे लागत होते. पत्रव्यवहारात त्रुटी निघाली तर घाबरू नका, ती बहुतेकांना निघते, आणि मुदतीत उत्तर दिले की अर्ज पुढे सरकतो. शिमग्याला किंवा गणपतीत चाकरमानी गावी येतात तेव्हा भावकीतल्या प्रत्येक घरात जाऊन विचारा, कोणाकडे वैधता आहे का, कोणाच्या पेटीत जुना दाखला आहे का. ज्या घराशी बोलणे बंद आहे, तिथे आधी जा.