खाड्याचे पैसे कोण देणार? रग्बी लीगमध्ये उतरू पाहणाऱ्यांसाठी

रग्बी लीग हा खेळ जन्मला तोच रोजीवरच्या भांडणातून. उत्तर इंग्लंडातले खेळाडू खाणींत आणि कापडगिरण्यांत राबणारे. शनिवारी सामन्याला गेलं की खाडा पडायचा. तिकडचे क्लब म्हणाले, बुडालेली रोजी आम्ही भरून देऊ. रग्बी चालवणाऱ्या लंडनच्या साहेबलोकांना हे खपलं नाही. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली आणि उत्तरेतल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. १९०६ मध्ये त्यांनी संघ १५ वरून १३ वर आणला. मूळच्या रग्बीने, म्हणजे युनियनने, उघडपणे पैसे द्यायला १९९५ साल उजाडलं.

हा इतिहास आधी सांगते, कारण करिअर म्हणून या खेळाकडे बघताना प्रत्येक पायरीवर विचारायचा प्रश्न तोच आहे: खाड्याचे पैसे कोण देणार? मी मूळची मिरजेची, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, पश्चिम सिडनीत राहते. आठवडाभर दवाखाना, आणि हिवाळ्यात शनिवारी मुलांच्या सामन्यांना बॅग घेऊन मैदानाच्या कडेला. इथल्या मराठी मुलांच्या शाळेत अर्धे मित्र पॅरामॅटा नाहीतर पेनरिथ या इथल्या लीग क्लबांचे चाहते, त्यामुळे घरात कधीतरी विषय निघतोच. मग गणपतीत एखादे बाबा बाजूला घेऊन विचारतात, "ताई, पोरगं लीग म्हणतंय. यात काही भवितव्य आहे का?" एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी खेळ. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून थांबवणं म्हणजे टॅकल. प्रत्येक संघाला चेंडू पुढे नेण्यासाठी सहा टॅकलची मुभा असते. सहाव्या टॅकलपर्यंत जमलं नाही तर चेंडू समोरच्याकडे जातो. समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय. त्याला चार गुण, त्यानंतरच्या किकला दोन. सामना ८० मिनिटांचा. टीव्हीवर दिसते ती धडक, पण दमवते ती दुसरीच गोष्ट. प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांना उठून दहा मीटर मागे जावं लागतं आणि लगेच पुन्हा पुढे धावायचं असतं. शंभर-एकशेदहा किलोचा प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू, हे करतो तेव्हा त्याच्या फुप्फुसांची कल्पना करा. पुढच्या फळीत मधे असणारा हूकर तर एका सामन्यात चाळीसच्या आसपास टॅकल करतो. म्हणून सरावात "ब्रॉन्को" नावाची चाचणी असते: २०, ४०, ६० मीटर जाऊन परत यायचं, असं पाच वेळा, एकूण १,२०० मीटर. पाच मिनिटांच्या आत आलात तर प्रशिक्षक मान हलवतो. कबड्डी खेळलेल्या मुलांना एक गोष्ट आयती मिळालेली असते, खाली वाकून अंग भिडवण्याची भीती गेलेली असते. बाकी सगळं नव्याने शिकावं लागतं.

आता शिडी. न्यू साउथ वेल्समध्ये गल्लीतल्या ज्युनिअर क्लबपासून सुरुवात होते. चांगलं खेळलात तर जिल्ह्याच्या संघात निवड होते: १७ वर्षांखालील मुलांसाठी हॅरल्ड मॅथ्यूज कप, १९ खालील एसजी बॉल कप, २१ खालील जर्सी फ्लेग, मग प्रौढांचा न्यू साउथ वेल्स कप आणि सर्वांत वर एनआरएल, म्हणजे नॅशनल रग्बी लीग ही मुख्य व्यावसायिक स्पर्धा. मुलींसाठी लिसा फियाओला आणि टार्शा गेल या स्पर्धा, मग राज्य पातळी, मग २०१८ मध्ये सुरू झालेली एनआरएलडब्ल्यू, म्हणजे महिलांची एनआरएल.

पैशाचं चित्र असं, की वरच्या पायरीवर भरपूर आणि खालच्या पायऱ्यांवर जवळजवळ काही नाही. २०२३ पासून एनआरएलमध्ये १७ क्लब आहेत आणि प्रत्येकाचा मुख्य संच ३० जणांचा. म्हणजे अख्ख्या स्पर्धेत सुमारे ५१० जागा. त्या तीसांतल्या सर्वांत कमी मानधनाच्या खेळाडूलाही वर्षाला एक लाख डॉलरच्या वर मिळतात. खालोखाल "डेव्हलपमेंट" करार, म्हणजे मुख्य संचाबाहेरच्या, अजून घडत असलेल्या खेळाडूंसाठीचा. त्याच्याही खाली "ट्रेन अँड ट्रायल": नोव्हेंबरपासून संघाबरोबर सराव करा, आवडलात तर ठेवू. न्यू साउथ वेल्स कप खेळणारी माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं दिवसा इलेक्ट्रिशियन, सुतार किंवा मजूर म्हणून काम करतात, सकाळी सहाला साइटवर आणि संध्याकाळी सरावाला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की त्यांचं पहिलं वाक्य "परत कधी खेळेन?" हे नसतं. "कामावर कधी जाता येईल?" असं विचारतात. १३० वर्षांनंतरही खाडा आहे तिथेच आहे.

पर्थचा संघ २०२७ पासून आणि पापुआ न्यू गिनीचा २०२८ पासून यायचा ठरलाय, म्हणून जागा वाढतील. पापुआ न्यू गिनीत हा राष्ट्रीय खेळासारखा आहे आणि एनआरएलमधले जवळपास निम्मे खेळाडू सामोआ, टोंगा, माओरी अशा पॅसिफिक घराण्यांतले आहेत, तेव्हा स्पर्धाही वाढेल. इंग्लंडची सुपर लीग हा दुसरा रस्ता, तिथे पैसा कमी. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात पहिला आशियाई वंशाचा खेळाडू, इक्रम बट, १९९५ मध्ये खेळला, हे मात्र सांगायलाच हवं. वाट अगदी बंद नाही.

पालकांना सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते १४ ते १९ या वयाबद्दल. या वयात निवड बऱ्याचदा शरीर बघून होते. जानेवारीत जन्मलेला, लवकर दाढी फुटलेला मुलगा डिसेंबरातल्या मुलाला सहज उडवतो आणि निवडकर्त्यांना तोच दिसतो. एनआरएलमधला नावाजलेला खेळाडू जोनाथन थर्स्टन, त्याला किशोरवयात किरकोळ अंगाचा म्हणून क्लब घ्यायला तयार नव्हते. तो पुढे ३०० हून अधिक सामने खेळला. याचा अर्थ नाकारलेला प्रत्येक मुलगा थर्स्टन असतो असा नाही. एवढंच, की सोळाव्या वर्षीची यादी म्हणजे अंतिम निकाल समजू नका. निवड झाली तरी समजू नका: हॅरल्ड मॅथ्यूजमध्ये चमकलेली कितीतरी मुलं विशीपर्यंत गळतात, आणि तोवर शाळेकडे दुर्लक्ष झालेलं असतं.

आणि डोकं. इथे मी कुणाचं ऐकत नाही. एनआरएलमध्ये डोक्याला मार लागल्याची शंका आली की खेळाडू बाहेर, १५ मिनिटांची तपासणी. क्लबशी संबंध नसलेला डॉक्टर व्हिडिओ बघत असतो. कन्कशनचं, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याचं, निदान झालं तर २०२३ पासून किमान ११ दिवस बाहेर. स्थानिक पातळीवरच्या आणि लहान खेळाडूंसाठी ऑस्ट्रेलियन क्रीडा संस्थेची २०२४ ची शिफारस आणखी कडक आहे: धडकेच्या सामन्यात परतण्याआधी किमान २१ दिवस, आणि धडकेच्या सरावाआधी सलग १४ दिवस कसलाही त्रास नको. मुलं लपवतात. पुढच्या आठवड्यात निवड चाचणी असते, मग "काही नाही, जरा गरगरलं" म्हणतात. तेव्हा घरी बघा: उजेड सहन होत नाही का, चिडचिड वाढलीय का, वाचताना ओळ हरवते का. सिडनीच्या कँटरबरी क्लबचे खेळाडू आणि नंतरचे प्रशिक्षक स्टीव्ह फोक्स २०१८ मध्ये गेले. त्यांच्या मेंदूत सीटीई हा वारंवारच्या आघातांशी जोडलेला आजार आढळला. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार राहिलेला बॉइड कॉर्डनर डोक्याच्या दुखापतींमुळे २०२१ मध्ये, तिशीच्या आतच, निवृत्त झाला. हे वाचून मुलाला खेळू द्यायचं नाही असं ठरवलंत तरी मी वाद घालणार नाही.

मुलींच्या बाबतीत मी जास्त आशावादी आहे. चार क्लबांनी सुरू झालेली एनआरएलडब्ल्यू २०२५ मध्ये बारावर गेली. टच फुटबॉल (लीगसारखाच, पण टॅकलऐवजी नुसता स्पर्श करायचा खेळ) खेळणाऱ्या, वेगवान, चेंडू नीट झेलणाऱ्या मुलीला उशिरा येऊनही जागा मिळू शकते. पण तिथेही बऱ्याच जणी अजून शिक्षिका, नर्स, पोलीस म्हणून नोकरी सांभाळून खेळतात.

खाण्याचं थोडक्यात: शाकाहारी राहून जमतं, पण फक्त पोह्यांवर सकाळचा सराव झेपत नाही. डाळ, पनीर, अंडी चालत असतील तर अंडी, आणि आहारतज्ज्ञाचा सल्ला. गावाहून आलेली शिलाजीत-अश्वगंधाची पुडी मात्र बंद. लेबल नसलेल्या पावडरीत काय मिसळलंय ते कळत नाही, आणि चाचणीत बंदी घातलेलं द्रव्य सापडलं तर "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही.

भारतातून शिकायला येणाऱ्यांसाठी एक स्पष्ट गोष्ट. मुंबई-पुण्यात खेळली जाते ती युनियन, बहुतेकदा सात जणांची. तो हात, तो वेग इथे उपयोगी पडतो आणि एखाद्या स्थानिक क्लबात आनंदाने खेळता येईल. पण व्यावसायिक कराराच्या भरवशावर विमानात बसू नका. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. खांदा निखळून सहा आठवडे तेही बुडालं तर भाडं कसं देणार, याचा हिशेब आधी करा.

दाराशी करार आलाच, तर एजंट एनआरएलची मान्यता असलेलाच घ्या. काकांचा ओळखीचा कुणी नको. करार किती मोसमांचा, दुसरं वर्ष क्लबच्या मर्जीवर आहे की तुमच्या, जखमी असताना पैसे चालू राहतात का, फिजिओ आणि शस्त्रक्रियेचा खर्च कोण करतो, शिक्षणाला वेळ आणि मदत मिळते का, हे लेखी मागा. शेवटच्या वर्षातल्या खेळाडूला १ नोव्हेंबरपासून दुसऱ्या क्लबांशी बोलता येतं, त्यामुळे त्या सुमाराला फोन खूप येतात आणि सगळे घाईत असतात. तुम्ही घाई करू नका. कागद घरी न्या आणि दोन दिवस ठेवा.