पूर्णवेळ विज्ञानकथा लिहिताना दिवस कशात जातो

नव्याने लिहू लागलेली मंडळी बहुतेक वेळा पहिल्यांदा हेच विचारतात, की कल्पना सुचतात कुठून? कल्पनांची टंचाई तुम्हाला भासणार नाही. वही त्यांनीच भरलेली असते. वेळ खातात ते त्या कल्पनांचे परिणाम. विज्ञानकथा असो, जादूची दुनिया असो की पर्यायी इतिहास, एक नियम बदलला की त्यामागोमाग आणखी काय काय बदलतं, हे शेवटपर्यंत तपासत बसणं हेच या धंद्यातलं मुख्य काम आहे.

समजा, कथा एका फिरत्या अंतराळस्थानकावर घडते. चाकासारखं स्थानक स्वतःभोवती फिरतं आणि बाहेरची कड राहणाऱ्यांना जमिनीसारखी वाटते. केवढं असेल ते? मिनिटाला २ फेऱ्या आणि पृथ्वीइतकं वजन हवं असेल, तर त्रिज्या साधारण २२४ मीटर येते. चाक लहान केलं की फेऱ्या वाढवाव्या लागतात आणि फेऱ्या वाढल्या की मान वळवली तरी गरगरतं. हे गणित शाळेतलं, चहा निवायच्या आत होणारं. पण हौशी लेखक इथेच थांबतो आणि मग तो हिशेब एखाद्या इंजिनिअरच्या तोंडून वाचकाला ऐकवतो.

त्याच्या पुढचं पाहा. आसाकडे सरकत जाल तसं वजन कमी होत जातं. म्हणजे गुडघे धरलेली म्हातारी माणसं आतल्या मजल्यांवर राहायला बघतील. तिथे जागा कमी, म्हणून भाडं जास्त. दुसरीकडे, वजनाचा भार नसला की हाडं झिजतात, हे अंतराळवीरांच्या अनुभवावरून माहीत आहे. त्यामुळे वाढत्या मुलांना आतल्या मजल्यांवर मुक्कामाला बंदी असणार. म्हणजे आजी आणि नात एका घरात राहू शकत नाहीत. आता कुठे माझ्या हाताला कथा लागली. २२४ हा आकडा तिच्यात कुठेही येणार नाही. आलाच, तर दुसऱ्या खर्ड्यात मीच खोडेन.

मंगळाचंही तसंच. पृथ्वीवरून तिथे संदेश पोचायला ग्रहांच्या अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. एवढी गोष्ट मानली की दोन ग्रहांवरच्या नवरा-बायकोचं समोरासमोर भांडण कथेतून बादच होतं. तिचा राग त्याला कळेपर्यंत तिचा कदाचित निवळलेलाही असेल. संवाद लिहायची सवयच मोडावी लागते आणि प्रसंग निरोपांतून उभा करावा लागतो. जादूच्या कथेत प्रकाशाचा वेग आड येत नाही, पण हिशेब सुटत नाही. मंत्राने जखम भरत असेल तर त्याची किंमत कोण मोजतं, वैद्यांचं काय होतं, राजा किती बेदरकारपणे लढाया पुकारतो? या प्रश्नांना उत्तर नसलेली जादू मला वाचतानाही कंटाळवाणी वाटते.

हे सगळं वाचकाला सांगायचं कसं, ही वेगळी डोकेदुखी. घरातला पंखा कसा चालतो हे आपण पाहुण्यांना समजावत बसत नाही. तो बंद पडला की मात्र त्याच्याबद्दल बोलतो. माझी पात्रंही तसंच करतात. त्यामुळे जगाचा एखादा नियम दाखवायचा असेल, तर तो कुणाला तरी आडवा येईल असा प्रसंग मी शोधते.

सकाळचा वेळ मी नव्या मजकुराला देते, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. दुपारी जुने खर्डे. शेजारी जगाची वही: चंद्र किती, कोणतं शहर कुठून किती दिवसांच्या वाटेवर, कोण कोणाला अहोजाहो करतं. कादंबरीमाला लिहायची असेल तर ही वही पहिल्या दिवसापासून ठेवा, नाहीतर तिसऱ्या पुस्तकात मेलेला मामा चहा पिताना सापडतो आणि वाचक ते बरोबर पकडतात.

संध्याकाळ कारकुनीची. ती कुणाला आवडत नाही, पण पोट तिच्यावर आहे. इंग्रजी बाजारात कथा पाठवायच्या असतील तर लांबीचे गट पाठ हवेत. नेब्युला या अमेरिकेतल्या विज्ञानकथा-कल्पितकथांच्या पुरस्कारांच्या वर्गवारीत ७,५०० शब्दांच्या आतली लघुकथा, तिथून १७,५०० पर्यंत नॉव्हेलेट, ४०,००० पर्यंत नॉव्हेला आणि त्यापुढे कादंबरी. पुष्कळ मासिकं लघुकथाच घेतात, त्यामुळे बारा हजार शब्दांची कथा चांगली असूनही दारोदार फिरते. कापता येत असेल तर कापा. एकच कथा एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवलेली अनेक मासिकांना चालत नाही, म्हणून कोणती कथा कुठे, कधी गेली आणि कधी परत आली याचा तक्ता ठेवा. साभार परत आलेल्या पत्रात सहसा कारण नसतं. ते शोधत बसू नका, पुढच्या पत्त्यावर पाठवा.

नियमावली दरवेळी नव्याने वाचावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा एवढा लोंढा आला, की क्लार्क्सवर्ल्ड या इंग्रजी विज्ञानकथा मासिकाने काही काळ नव्या कथा स्वीकारणंच थांबवलं. तेव्हापासून अनेक ठिकाणी लेखन स्वतःचं आहे असं लिहून द्यावं लागतं.

करारात मी आधी हक्कांचं कलम बघते. मासिकाला प्रथम प्रकाशनाचा हक्क आणि काही महिन्यांची मक्तेदारी एवढं पुरतं. ती मुदत सरली की तीच कथा पुनर्मुद्रणासाठी किंवा संग्रहासाठी पुन्हा विकता येते. ‘सर्व हक्क कायमचे’ असं दिसलं तर सही करण्याआधी भांडा. आणि छापण्यासाठी लेखकाकडेच पैसे मागणाऱ्याला प्रकाशक म्हणू नका.

नोकरी सोडण्याबद्दल मात्र मी सगळ्यांना रोखते. पुस्तकाची आगाऊ रक्कम एकरकमी येत नाही. सहसा काही करारावर, काही हस्तलिखित दिल्यावर, काही प्रकाशनानंतर मिळते. ती रॉयल्टीतून पूर्ण वळती झाल्याशिवाय पुढचा पैसा सुटत नाही. अनेक पुस्तकांच्या बाबतीत ती वळती होतच नाही. म्हणून ‘पूर्णवेळ’ म्हणवणारे आम्ही बरेच जण अनुवाद, संपादन, गेमसाठी संवादलेखन, शिकवणं असं काहीतरी जोडीला करतो. माझ्या मते अनुवाद त्यातल्या त्यात बरा, कारण दुसऱ्याचं वाक्य उलगडताना आपलं वाक्य घासलं जातं. गेमचं काम पैसे चांगले देतं, पण सकाळची डोक्याची धार तेच पिऊन टाकतं. त्यामुळे ते मी दुपारनंतरच हातात घेते, आणि कादंबरीचा शेवट चालू असेल त्या महिन्यांत अजिबात घेत नाही.