कोरफड अंगाला लावा, पण पिवळा चीक निथळल्यावरच

गोव्यात साखळीला आमच्या तुळशीमागे कोरफडीचा वाफा आहे. कापायचं ते बाहेरच्या बाजूचं, जाडजूड पान. मात्र दगडी गडग्यावर वाढणारा घायपात कोरफड समजून आणू नका. त्याच्या पानाच्या टोकाला टणक काटा असतो आणि पान मोडलं की चिवट दोरे निघतात. त्याच्या रसाने अंगाची आग होते, पुरळ उठतं.

खरं काम पुढे आहे. पान कापताच सालीखालून पिवळा, कडू चीक गळू लागतो. पांढरा गर वेगळा, हा चीक वेगळा. हाच सुकवून काळा बोळ करतात, ते जुलाबाचं जुनं औषध. यातलं ॲलोइन नावाचं द्रव्य कातडीला झोंबतं. “पान चिरा आणि थेट चोळा” असं कोणी सांगितलं की माझा जीव तळमळतो, कारण मीही तेच केलं होतं. मे महिन्यात भाची हरमलच्या किनाऱ्यावरून खांदे भाजून आली. मी चिकासकट पान तिच्या खांद्यांवर फिरवलं. पोर रात्रभर खाजवत होती, सकाळी अंगावर लाल गांधी. मी उन्हाला दोष देत राहिले. पुढे माझ्याच मनगटावर तसंच उठलं, तेव्हा कळलं.

म्हणून कापलेली बाजू खाली करून पान भांड्यात उभं ठेवा, निदान १५ मिनिटं. पावसात मी अर्धा तास ठेवते. मग धुवा, काटेरी कडा उतरवा आणि साल जाडच काढा. सालीला गर चिकटून गेला तर जाऊ द्या, तो खरवडून काढू नका. चीक तिथेच असतो. गराच्या वड्या पुन्हा धुवा, पिवळी झाक दिसली तर आणखी एकदा. नीट धुतलेला गर काचेसारखा दिसतो.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून २४ तास थांबा. कांदा-लसणाची ॲलर्जी असलेल्यांनी तर नक्कीच, त्यांना कोरफडही बाधू शकते.

मग पातळ थर लावा, २० मिनिटांनी धुवा. उरलेला गर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, जास्त नाही.

चुलीवर किंवा तेलाने भाजलं असेल तर कोरफडीकडे धावू नका. आधी २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. फोड आले, जखम खोल असली किंवा टाके असले, तर गर लावूच नका, डॉक्टरकडे जा.